पहिला प्रश्न

"परत बाहेर जा आणि परत आत ये," पोन्नच्चन म्हणाला. "मुलाखतीच्या बोर्डापुढे असं पदराशी चाळा करत कुणी येत नाही."

शोशाम्मा निमूटपणे ओसरीच्या पायऱ्या उतरली. वळून वर आली आणि ताठ उभी राहिली.

"आत येऊ का, सर?"

"या. बसा."

मुलाखत सुरू झाली की पोन्नच्चन बायकोला अहोजाहो करायचा. एरवी सगळ्या कोळंचेरीत त्याच्याइतका बायकोची फिरकी घेणारा नवरा नव्हता, पण वेताच्या खुर्चीत उशीला टेकून बसला की त्याचा कर्नल व्हायचा. फौजेच्या इस्पितळात त्याने वर्षानुवर्षं वॉर्डात काम केलं होतं. नर्सच्या भरतीच्या मुलाखती तिथेच व्हायच्या आणि साहेबांना चहा न्यायचं काम याच्याकडे असायचं. चहा देऊन हा गडी दाराशी रेंगाळायचा आणि सगळे प्रश्न कान देऊन ऐकायचा. पोटाच्या दुखण्याने त्याला फौजेतून घरी धाडलं, तेव्हा ते प्रश्न तो सोबत घेऊन आला.

शोशाम्मा तालुक्याच्या इस्पितळात नर्स होती. नवरा घरी आला तशी तिने नोकरी सोडली. मूलबाळ नव्हतं. घर थोरल्या दिराच्या नावावर होतं, आणि दीर मनाने कितीही चांगला असला तरी जावेच्या कपाळावरच्या आठ्या शोशाम्माला दिसत होत्या. फौजेत नर्स म्हणून घेतलं तर राहायला खोली, दोन वेळचं जेवण, खांद्यावर अधिकाऱ्याचे तारे. कुणाच्या दारात ताटकळायला नको. पोन्नच्चनला ते काहीही करून हवं होतं. तिलाही हवं आहे, असं ती म्हणायची.

"दहा जखमी एकदम आलेत आणि तुम्ही एकट्या आहात. आधी कुणाकडे जाल?"

"जो ओरडतोय त्याच्याकडे नाही, सर. जो गप्प पडलाय त्याच्याकडे."

"बरोबर. आणि ज्याचं आता काहीच करता येणार नाही, त्याच्याकडे?"

शोशाम्माने मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले. "त्याला दुखणार नाही एवढं बघायचं," ती म्हणाली. "आणि पुढच्याकडे जायचं."

"पुढच्याकडे जायचं. हे विसरायचं नाही."

तेवढ्यात शेजारच्या मरियम्मा चेडत्ती उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि मासळीचं लाल कालवण घेऊन आल्या. म्हातारी तोंडाची फटकळ होती, पण रोज काही ना काही आणल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिची नात जेसी यंदा मुलाखतीला जाणार होती. त्यापायी जेसीचं ठरलेलं लग्नसुद्धा पुढे ढकललं होतं, आणि मुलाकडची माणसं गाल फुगवून बसली होती. शोशाम्माला मात्र पोन्नच्चनने यंदा अर्जच करू दिला नव्हता.

"पुढच्या वर्षी, चेडत्ती. अजून तयारी झाली नाही हिची," तो म्हणाला.

"इतकं पढवल्यावर पोपटसुद्धा भरती झाला असता," चेडत्ती म्हणाल्या. "खरं सांग, बायकोला सोडवत नाही ना तुला?"

"नाही सोडवत. म्हणून तर पुढच्या वर्षी."

चेडत्तींबरोबर तोही हसला आणि हसता हसता खोकल्याने वाकला. शोशाम्माने पाठ चोळली, काढ्याचा पेला ओठांना लावला. ओणमपर्यंत मी उठून फिरायला लागतो, असं त्याने चेडत्तींना सांगितलं. ते तो सगळ्यांनाच सांगायचा, आणि शोशाम्मा शेजारी उभी राहून मान डोलवायची.

चेडत्ती गेल्या. रबराच्या झाडांमागे ऊन उतरलं होतं. शोशाम्माने त्याला कप्पा कुस्करून भरवायला घेतला, पण दोन घासांतच त्याने तोंड फिरवलं.

"आता साडी दाखव," तो म्हणाला.

मुलाखतीसाठी त्याने स्वतः पसंत केलेली साडी ती नेसून आली. पांढरी, बिनकाठाची. बांगड्या तिने आतच काढून ठेवल्या होत्या. पोन्नच्चनने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिच्या गळ्याकडे बोट केलं.

"मिन्नूही नको."

लग्नात त्यानेच बांधलेलं ते सोन्याचं इवलंसं पान होतं. शोशाम्माने ते मुठीत धरलं. "एवढं राहू द्या ना, अच्चाया. पदराखाली दिसत नाही."

"बोर्डाला सगळं दिसतं."

त्याने तळहात पुढे केला. तो त्याने मागे घेतला नाही. अखेर तिने मिन्नू काढून त्यावर ठेवलं. त्याने ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिशावर हात तसाच ठेवला. शोशाम्माला रडू आलं होतं, आणि रडायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं.

"आता पहिला प्रश्न," तो म्हणाला.

बोर्डाचा हा सगळ्यात पहिला प्रश्न. ते दोघे मात्र तो रोज शेवटी घ्यायचे, आणि रोज तिथेच अडायचे. कधी तिला चुलीवरची कांजी आठवायची, कधी कोंबड्या डालायच्या राहिलेल्या असायच्या. आजही ती उठायला लागली.

"बसा," पोन्नच्चन म्हणाला. "माझ्याकडे बघून उत्तर द्या. तुमचं लग्न झालंय?"

"झालं होतं, सर."

"होतं म्हणजे? नवरा असलेल्या बाईला फौज नर्स म्हणून घेत नाही."

तिने मोकळ्या गळ्यावरून बोटं फिरवली. मग तिने मान वर केली आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"मी विधवा आहे, सर."

पोन्नच्चनने खिशावरचा हात घट्ट दाबला. "छान," तो म्हणाला. "पण आवाज कापला. पुन्हा सांगा."