अर्धी मिशी

"पाच घरं जरी आली ना, तर ही अर्धी मिशी अंगणात सगळ्यांसमोर उतरवीन!" वायरमननं मिशीला पीळ दिला.

"अर्धीच का रे?" तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

"पूर्ण काढली तर मी हरलो हे लोकांना कळणार कसं?"

लागली पैज. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईचं बाळ डाउन सिंड्रोमचं. तीन महिने ती दाराबाहेर पडली नव्हती. आता तिनं काकूंकरवी सगळीकडे निरोप धाडला होता: ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्यांनी रविवारी आमच्या अंगणात चहाला यावं. मला खूप विचारायचंय.

"घराघरात वायरी ओढल्यात मी, काकू. असं पोर कुठंच दिसलं नाही. बिचारी एकटीच बसेल बघा."

रविवारी पहिलं घर आलं. मग दुसरं. मग येतच राहिली. खुर्च्या संपल्या, सतरंज्या आल्या. कुणाच्या कडेवर तान्हं, कुणाच्या हाताला धरून पन्नाशीची लेक.

"अहो, तुमच्याकडे तर मी पंखे लावलेत!" वायरमन एका आजोबांना म्हणाला.

"हो ना. तेव्हा हिला आतल्या खोलीत बसवलं होतं."

वायरमनचा हात मिशीवर गेला.

"चल, बस खुर्चीवर," काकू म्हणाल्या.

"बसतो हो. पण न्हावी कुठाय?"

"मी आहे," गर्दीतून आवाज आला. चाळिशीचा, टक्कल पडलेला, डोळे थेट सूनबाईच्या बाळासारखे. भावाच्या सलूनमधली एक खुर्ची त्याचीच. पेटीशिवाय तो घर सोडत नसे.

त्यानं फेस केला. वस्तरा उघडला. वायरमनला हसू फुटलं.

"हसू नका. वाकडी होईल."

"अरे, अर्धीच तर उरणार आहे! वाकडी काय नि सरळ काय!"

"काम म्हणजे काम," न्हावी म्हणाला आणि वायरमनची हनुवटी धरली.

वस्तरा नाकाखालून सरकन उतरला. रक्ताचा टिपूस नाही.

सूनबाईनं शेजारी बसलेल्या न्हाव्याच्या आईला हळूच विचारलं, "यांच्या हातात पहिल्यांदा वस्तरा कुणी दिला?"

"कोण देतंय! त्यानंच उचलला. मी ही अशी किंचाळले!"

सूनबाईनं बाळाची मिटलेली मूठ उघडली आणि एकेक बोट बघत राहिली.