चांदण्यांनी भरलेला तक्ता

लेक स्वमग्न असली तरी झोपेबाबत बोट ठेवायला जागा नाही, असं आई छातीठोकपणे सांगायची. शाळेत मात्र लेक दिवसभर किंचाळायची, स्वतःचंच मनगट कडकडून चावायची. म्हणून झोपेचीच शंका येऊन डॉक्टरांनी पलंगासमोर रात्रभर कॅमेरा लावायला सांगितला. आज दवाखान्यात, लेक शेजारीच बसलेली असताना, त्यांनी ते चित्रीकरण भराभर पळवलं, तरी पडद्यावरची लेक जागची हलेना. “डॉक्टर, व्हिडिओ अडकलाय वाटतं,” आई हसली. “नाही. कोपऱ्यातली वेळ बघा.” बारा, दोन, चार वाजले. मग लेकीची पापणी लवली. डोळे टक्क उघडे होते. पलंगाशेजारचा चित्रांचा तक्ता आईनेच केला होता: गुपचूप पडायचं, हलायचं नाही, सकाळी एक चांदणी. झोप आली नाही तर काय करायचं, ते चित्र राहूनच गेलं. “हलली नाही,” लेक खुशीत म्हणाली आणि तिने चांदणीसाठी तळहात पुढे केला.