दुप्पट वेग

चैतालीनं ब्रेकअपनंतर रडकं गाणं केलं आणि कॉलेजच्या स्पर्धेसाठी त्याचा व्हिडिओ करायचं ठरलं. हाताशी माझा मोबाईल, उसना स्पीकर आणि दिंडोरीतली माझ्या मामाची द्राक्षबाग. तिला स्लो मोशनमध्येच चालायचं होतं. त्यासाठी शूटिंगला गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, तिनं भराभर ओठ हलवायचे, मग चित्र संथ करायचं, म्हणजे ओठ मूळ गाण्याशी जुळतात. स्पीकर लावताच विरहगीत टणाटण उड्या मारू लागलं. घड काढणाऱ्या बायकांनी कात्र्या क्रेटमध्ये टाकल्या, पदर खोचून फेर धरला. एका मावशीनं चैतालीला आत ओढलं. “उभी काय? लय भारी गाणं हाय!” “मावशी, दुःखाचं आहे ते,” ती म्हणाली, पण पाय ठेक्यात पडत होते. ब्रेकअपनंतर तीन महिन्यांनी ती पहिल्यांदा हसली. मी शूट करत राहिले. एडिटिंगला वेग कमी करायला गेले. चैतालीनं हात धरला. “राहू दे. आता गाणं हेच.”