तीन मतं

“अहो ताई, थांबा! ग्रामपंचायतीला तीन मतं द्यायची असतात, तुम्ही एकच दिलंय,” मतदान अधिकाऱ्यानं हटकलं.

पहाटेपासून विहिरीचं पाणी वाहून कौसल्येचे खांदे भरून आले होते, त्यात रांगेत पायांचे तुकडे पडले. घरोघरी नळ आणीन म्हणणाऱ्या अपक्ष फुलाबाईला मत देऊन ती निघाली होती.

“वहिनी, दमलात व्हय? आपलं पॅनेल पुरं करा की,” एजंट म्हणून बसलेला दीर हसला.

पाय ओढत ती पुन्हा पुठ्ठ्याआड गेली. दिराच्या पॅनेलनं आजवर नळाच्या थापाच मारल्या होत्या. उरलेल्या दोन्ही जागांसाठी तिनं ‘वरीलपैकी कोणी नाही’ दाबलं. मशीन लांबलचक वाजलं.

“आता कसं!” दीर खुशीत म्हणाला.

“झालं एकदाचं, भावजी,” म्हणत कौसल्या तोंडाला पदर लावून बाहेर पडली.