येते हं!

वर्षभर नातेवाइकांकडे, मैत्रिणींकडे मुक्काम करत फिरून ती पार थकली होती. बॅगेचं चाक आणि तिची कंबर, दोन्ही कुरकुरत होती. घरोघरी तेच किस्से, तेच फोटो आणि निघताना दारात तेच "येते हं!"

शेवटचा मुक्काम मावशीकडे झाला. चपला घालता घालता ती सवयीनं म्हणाली, "येते हं मावशी."

"जाते म्हण."

"अगं, 'जाते' म्हणू नये, हे तूच शिकवलंस ना!"

"शिकवलं खरं. पण मागच्या खेपेला 'येते' म्हणून गेलीस, तेव्हा तुझं लग्नही व्हायचं होतं. तेव्हापासून बेल वाजली की तूच आलीस म्हणून धावते. आता गुडघे ऐकत नाहीत गं."