पूजेचा मान

"नाव सापडत नाही," कॉलेजचं सगळं इंटरनेट ज्याच्यातून जातं तो प्रॉक्सी सर्व्हर दुपारपासून पडद्यावर एकच पालुपद लावून बसला होता. परीक्षेचे फॉर्म विद्यापीठाच्या साइटवर पाचपर्यंतच भरता येणार होते. साडेचार वाजले होते आणि कॉलेजच्या बासष्ट मुलांचं वर्ष कॉम्प्युटर लॅबमधल्या मृण्मयीच्या कीबोर्डला लटकलं होतं. तिने केबल बदलली, सर्व्हर तीनदा बंद-चालू केला, शेवटी त्याला हात जोडले.

"अहो काका, साइटचं नाव दिलं की तिचा नंबर सांगतो ना, तो दुसरा सर्व्हरच उत्तर देत नाहीये!" लॅब सांभाळणाऱ्या ढेंबरेकाकांना ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "कोपऱ्यातला त्याचा तो जुना डबा कुठे गेला?"

"डबा काय म्हणता, मॅडम? आज खंडेनवमी. लॅबमध्ये वयाने मोठा तोच, म्हणून पूजेचा मान त्याला दिला."

शेजारच्या खोलीत, पाटावर, झेंडूच्या हाराखाली तो नंबर सांगणारा सर्व्हर बंद होऊन बसला होता. हळदीकुंकू लावलेलं, डोक्यावर नारळ.

"उद्यापर्यंत हलवायचं नाही हं," काकांनी बजावलं.

"आणि उत्तरपूजा झाली तर?"

"मग काय, हलवा की."

मृण्मयीने जन्मात पूजा केली नव्हती. तिने लांबून केबल ओढून खोचली, अक्षता उचलल्या आणि गणपतीत ऐकलेलं "पुनरागमनाय च" इतक्या कळवळून म्हटलं की काकांचेही डोळे भरून आले. मग बटण दाबलं.

चार छप्पन्नला नाव सापडलं. आधीच भरून ठेवलेले बासष्टच्या बासष्ट फॉर्म एकदम गेले.

नारळ मात्र तिने आजतागायत कुणाला काढू दिलेला नाही.