चामड्याचं कव्हर

"एवढासा जरी गंज दिसला ना भाऊ, तर माझं काही खरं नाही."

बंदुका दुरुस्त करणारा हसला. समोर बसलेल्या बाईचा नवरा त्याचं जुनं गिऱ्हाईक. पोटच्या पोरीपेक्षा बंदुकीला जपणारा. आता तो वर्षभरासाठी बोटीवर नोकरीला गेला होता आणि जाताना ती जोखीम बायकोच्या गळ्यात मारून गेला होता.

"घाबरता काय वहिनी? हे तेल न्या. अधूनमधून कोरड्या फडक्यानं पुसायची, तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि कपाटात उभी करायची. झालं!"

"आणि काय करायचं नाही?"

"चामड्याच्या कव्हरात ठेवू नका. दिसायला झोकदार, पण ओल धरून ठेवतं. नळीत बोळा कोंबू नका. घामट हात तर लावूच नका, घामातलं मीठ म्हणजे लोखंडाचा वैरी."

ती पुटपुटत पाठ करत होती. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"आणि चुकून झालंच तसं, तर?"

"तर वर्षभरात खटका जाम आणि नळी आतून खलास. मग नुसती काठी. मीसुद्धा हात टेकतो."

"तुम्हीसुद्धा?"

"कुणीही! पण तुम्ही इतक्या जपताय, कशाला होतंय तसं? बरं, मागे साफ करताना त्यांच्या हातून गोळी सुटली म्हणे?"

"हो. भिंतीवर निभावलं." ती घाईनं उठली. "हे आले की सांगाल ना, मी सगळं नीट विचारून गेले म्हणून?"

"अगदी शपथेवर."

घरी मुलगी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, फार खाली, बसलेल्या पोरीच्या डोक्याच्या उंचीला. वाऱ्यानं ते फडफडलं की मागचं भोक उघडं पडायचं. तिनं आधी खिडकी लावली.

"आई, बाबा इतक्यात नाही ना येणार?"

"नाही गं. अजून खूप वेळ आहे."

तिनं बंदूक काढून टेबलावर आडवी ठेवली, जुनं फडकं फाडलं, तेलाची बाटली उघडली.

"घे, तुझ्या सायकलच्या साखळीला घाल जा. कुरकुरते ना?"

मग तिनं वाटीभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवलं, त्यात बोळा बुडवून नळीत खोलवर ठासला, आणि बंदूक चामड्याच्या कव्हरात घालून त्याचे पट्टे घट्ट आवळले.